गाडी ऑइल खाते? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

दहा-बारा वर्षं झालेली पेट्रोल गाडी दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच ऑइल मागायला लागली की गॅरेजमधून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, 'इंजिनकाम काढावं लागेल.' कधीकधी ते खरंही असतं. पण ऑइल किती जातंय आणि कुठून जातंय, हे कळल्याशिवाय इंजिनाला पाना लावू देऊ नका. शे-पाचशेच्या पार्टने बरं होणारं दुखणंही याच लक्षणांनी दिसतं.

आधी खप मोजा

गाडी सपाट जागी लावा. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बरोबर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. किलोमीटर लिहून ठेवा. १००० किमी झाले की त्याच जागी, तितकंच थांबून बघा आणि मापाच्या भांड्याने १००-१०० मिली टाकत पातळी पुन्हा वरच्या खुणेवर आणा. जेवढं टाकावं लागलं, तेवढा खप. जुन्या गाडीत २००-३०० मिली चालवून घेता येतं. ५०० मिलीच्या वर गेलं तर कारण शोधा.

एक फसवणूक इथे होते. रोज दोन-तीन किमीच गाडी चालत असेल तर इंजिन नीट तापत नाही आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल जळतंय, पेट्रोल मिसळतंय, डिपस्टिकवर पातळी तीच. मग गणपतीला कोकणात निघालात की लांबच्या प्रवासात ते पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकदम खाली येते. म्हणून मोजणी करताना एखादी लांबची फेरी असू द्या.

डॅशबोर्डवरच्या लाल ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो पातळी नव्हे, दाब दाखवतो. वळणावर तो क्षणभर जरी लागला, तरी चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीतलं) ऑइल पंपाला पुरत नाही इतकं कमी झालेलं असू शकतं. गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा.

गळतंय की जळतंय?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा ठेवा. डाग टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूला असेल तर क्रँकचं (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पुढचं सील, इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर असेल तर मागचं सील, मधोमध असेल तर ड्रेन बोल्टचा वॉशर किंवा फिल्टर. मात्र ऑइल ओघळत खाली येतं, त्यामुळे डागाच्या बरोबर वरची जागाच दोषी असते असं नाही. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गळलं तरी खालून चेंबरच गळतोय असं दिसतं. इंजिन थंड असताना बाहेरून स्वच्छ पुसा, संशयित जोडांवर टाल्कम पावडर लावा, वीसेक किमी फिरून या. पावडर ओली होईल तिथून गळती.

जळत असेल तर धूर कधी येतो, त्याकडे लक्ष द्या. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट आला आणि थांबला, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत उतरू न देणाऱ्या रबरी टोप्या, कडक झाली आहेत. घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनात ओढ वाढते; खाली पोहोचून पाय दाबला की आरशात निळा ढग दिसतो. तोही सीलचाच किंवा झिजलेल्या गाइडचा (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीचा). चढावर, भार असताना सतत धूर येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगवर.

स्वस्त पार्ट आधी

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा आणि वायू इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, सोडणारी झडप) बहुतेक गाड्यांत टॅपेट कव्हरवर किंवा त्याच्या नळीवर असतो. काढून हलवला की खुळखुळ वाजायला हवा. तो नळीलाच जोडलेला ठेवून इंजिन सुरू केलं आणि त्याच्या मोकळ्या तोंडावर बोट धरलं की ओढ जाणवायला हवी. तो चोंदला तर आतला दाब वाढून सीलांतून ऑइल बाहेर येतं; उघडाच अडकला तर ऑइल इनटेकमध्ये ओढलं जातं. शंका असेल तर बदलूनच टाका.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, प्लगच्या भोकात गेज लावून बघा. इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने पाच-सहा फेरे. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. प्लगही पाहा. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याची खूण. ओला, तेलकट, चकाकणारा काळा प्लग ऑइलची.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंग निर्दोष ठरत नाहीत. दाब वरच्या दोन रिंग धरतात. बोअरवरचं ऑइल खरवडते तिसरी, ऑइल रिंग. तिच्या मागची बारीक भोकं कार्बनने बुजली की ती खाचेत चिकटून बसते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत हे नेहमी आढळतं. यावर इंजिन न खोलता एक प्रयत्न करता येतो. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये ३०-४० मिली पिस्टन क्लीनर टाकून रात्रभर मुरवा. सकाळी पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून, प्लग न लावता, भोकांवर फडका धरून स्टार्टर मारा. द्रव आत राहून इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. लगेच ऑइल-फिल्टर बदला आणि पुढचे दोन बदल २००० किमीवर करा. प्रत्येक वेळी गुण येतोच असं नाही, पण इंजिनकामाआधी करून बघण्यासारखा उपाय आहे.

जाड ऑइलचा सल्लाही सर्रास मिळतो. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० घाला. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतू नका. आणि वरच्या खुणेपलीकडे भरू नका. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि खप वाढतो.

काम काढायचंच ठरलं तर

व्हॉल्व्ह सील बदलताना हेड उतरवावं लागत नाही; प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरता येतात. त्याच वेळी व्हॉल्व्ह हाताने हलवून गाइडची ढिलाई तपासा, नाहीतर नवं सील फार टिकणार नाही. रिंगकामात लेथवाल्याकडून बोअरची झीज आणि अंडाकृतीपणा मोजून घ्या. बोअर मर्यादेबाहेर असेल तर नुसत्या नव्या रिंग टाकणं म्हणजे पैसे वाया. बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टनच हवेत. गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपत आली असेल तर हा खर्च नूतनीकरणाच्या निर्णयासोबतच ठरवा. नव्या रिंग बसायला वेळ घेतात, तोवर थोडं ऑइल जाईल. पहिले १००० किमी एकाच वेगाने रेटू नका, मग ऑइल-फिल्टर बदला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.