मेट्रोच्या बोगद्यात वेळ किती ताणला जातो, ते मोजायची रीत

फलाटावरची चार मिनिटं दहा वाटतात, आणि गाडीत बसल्यावर मंडई कधी आली ते कळत नाही. हे दोन्ही भास मोजता येतात. त्यासाठी घड्याळ लागत नाही, उलट घड्याळ बघितलं की प्रयोग फसतो. लागतो तो फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर.

पुण्याची पिंपरी–स्वारगेट मार्गिका यासाठी सोयीची, कारण उघडा भाग आणि बोगदा एकाच फेरीत मिळतात. एका स्थानकापासून पुढच्यापर्यंत एक टप्पा धरा. कासारवाडी ते खडकी हे चार टप्पे वरून जातात. शिवाजीनगरपासून सिव्हिल कोर्ट, कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटपर्यंतचे चार टप्पे जमिनीखालून. मुंबईच्या मेट्रो 3वर 27पैकी 26 स्थानकं भूमिगत आहेत. तिथे तुलनेला उघडा भागच उरत नाही, त्यामुळे फक्त फलाट आणि गाडी यांतला फरक तपासा.

गेटमधून आत आलात की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. रेकॉर्डर सुरू करून फोन लॉक करा आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा. पँटच्या खिशात कापड घासून सगळी खरखर येते. पुढे फक्त पुटपुटायचं: फलाटावर पोचताच ‘फलाट’, दारं बंद होताच ‘सुटली’, उघडा भाग किंवा बोगदा सुरू होताना त्या स्थानकाचं नाव, आणि प्रत्येक भाग संपताना (फलाटाचाही) अंदाज, म्हणजे ‘साडेसहा मिनिटं’. खरा वेळ घरी रेकॉर्डिंगवरूनच निघतो. दारांचा टुणटुण आवाज आणि उद्घोषणाही त्यात येतात, त्यामुळे बोलायला विसरलात तरी जागा सापडते. आकडे उतरवले की फाईल पुसून टाका, त्यात आजूबाजूच्या लोकांची बोलणीही असतात.

अंदाज पाच, दहा, पंधरा असे गोल आकडे देऊ नका. आपण सगळे तेच करतो, आणि मग दहा फेऱ्यांचे आकडे एकाच साच्यातले निघतात. अर्ध्या मिनिटापर्यंत सांगायची सक्ती करा. दहा फेऱ्या होईपर्यंत एकही रेकॉर्डिंग ऐकू नका. खरं उत्तर एकदा कळलं की पुढचे अंदाज त्याच्याकडे ओढले जातात.

शेवटी अंदाजाला खऱ्या वेळेने भागा. 6 मिनिटं वाटली आणि खरी 4 होती, तर गुणोत्तर 1.5. फलाट, उघडा भाग आणि बोगदा यांची गुणोत्तरं वेगळी मांडा, क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. दहाच्या यादीत मधले दोन येतील, त्यांची सरासरी काढा. साध्या सरासरीत गाडी रखडली तो एकच दिवस सगळं बिघडवतो.

आता मेख. पाच फेऱ्या स्वारगेटकडे आणि पाच उलट दिशेने हव्यातच. एकाच दिशेने गेलात तर बोगदा कायम शेवटी येतो, आणि शेवटी उतरायची घाई असते. मग गुणोत्तर बोगद्याचं की घाईचं, ते सांगता येत नाही. शिवाय परतीची वाट बहुतेकांना छोटी वाटतेच. आणखी एक: छोटे अवधी आपण वाढवून सांगतो, लांबचे आखडून. हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल फियरऑर्टने 1868मध्येच मांडलं. म्हणून एका टप्प्याची तुलना अख्ख्या प्रवासाशी करू नका, चार टप्प्यांची चार टप्प्यांशीच करा.

अंदाज विचारणार हे आधी माहीत असलं की लक्ष वेळेवरच राहतं, आणि वेळ ताणला जातो. फलाटावर हेच होतं: करायला काही नसतं, डोळे बोर्डावरच्या मिनिटांवर. हा परिणाम वगळायचा असेल तर सोबतच्या मित्राला स्वारगेटला अचानक विचारा, ‘शिवाजीनगर सोडून किती वेळ झाला?’ एका माणसावर हे एकदाच चालतं. दुसऱ्यांदा तो तयारीत असतो.

बोगद्यात खुणा नसतात. वर नदी, पूल, ओळखीची इमारत यांवर आपण नकळत वेळ टांगून ठेवतो. खाली मुठा नदी डोक्यावरून गेली तरी काचेत आपलाच चेहरा. याचं टोक 1962मध्ये फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्रने पाहिलं. आल्प्समधल्या गुहेत घड्याळाविना दोन महिने राहून तो 14 सप्टेंबरला बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट होता. सेकंदाला एक असे 120 आकडे मोजायला त्याला पाच मिनिटं लागली. ही चाचणी तुम्हीही करा: ‘सुरू’ म्हणा, मनात 120 मोजा, ‘संपलं’ म्हणा. उद्घोषणा मध्ये आली तर ती खेप बाद, कारण मोजणी तिच्या लयीला लागते.

उभ्या उभ्या करायची एक गंमत. सेकंद दाखवणारं घड्याळ मनगटावर हवं. बुटांकडे बघा आणि नजर झटकन काट्यावर आणा. पहिला सेकंद लांबतो, काटा अडकल्यासारखा वाटतो. नजर उडी मारते त्या क्षणाची पोकळी मेंदू उडीनंतर दिसलेल्या चित्रानेच भरतो. हा भास दर खेपेला होईलच असं नाही. दहा वेळा करून बघा.

दारं उघडली की रेकॉर्डर बंद करू नका. फलाट ते रस्ता हा भाग बहुतेकजण हिशेबात धरतच नाहीत. सिव्हिल कोर्ट 33 मीटर खोल आहे. तिथून सरकत्या जिन्यांनी वर येऊन, रस्त्यावर पाय टेकल्यावरच ‘बाहेर’ म्हणा.