जुन्या जर्मन प्लेट कॅमेऱ्यासाठी योग्य कॅसेट कशी शोधावी आणि वापरावी

ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉनचा मॅक्सिमार किंवा ब्राउनश्वाइगच्या फोइग्टलेंडरचा आव्हुस असा ९ × १२ सेंटिमीटरचा घडीचा कॅमेरा हाती आला, की आपण आधी भिंग न्याहाळतो आणि मग शटर वाजवून पाहतो. तेसारसारख्या भिंगाची आणि कोम्पूरसारख्या शटरची साफसफाई करून घेता येते. गाडे अडते ते कॅसेटपाशी, म्हणजे मागच्या बाजूने सरकवून बसवायच्या, प्लेट किंवा फिल्म ठेवण्याच्या पत्र्याच्या चपट्या डबीपाशी. ज्या कॅमेऱ्याबरोबर दुधी काच (मागे बसवून फोकस पाहायची खरखरीत काच) आणि निदान एक नेमकी बसणारी कॅसेट मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असे माझे मत आहे.

कॅसेट घेताना केवळ नावावर विसंबू नये. त्साइस इकॉन ही कंपनीच मुळी १९२६ साली इका, एर्नेमान, गोएर्त्स आणि कोंतेसा-नेटेल या चार कंपन्यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली, तेव्हा एकाच नावाखाली निरनिराळ्या घराण्यांचे नमुने आढळणे साहजिक आहे. ढोबळमानाने कॅसेटच्या दोन जाती आहेत. एकीच्या लांब कडांना पत्र्याची पातळ पट्टी बाहेर आलेली असते आणि ती कॅमेऱ्याच्या पन्हाळीत सरकते. जर्मन विक्रेते तिला ‘फाल्त्स’ म्हणतात. दुसरीच्या कडांनाच खाच असते आणि तिच्यात कॅमेऱ्याची कड शिरते, ती ‘नूट’. या दोन्हींतही मापांचे पोटभेद आहेत, त्यामुळे ‘९ × १२’ एवढ्या वर्णनावरून काहीच ठरत नाही, कारण ते माप फिल्मचे असते, कॅसेटचे नव्हे.

सर्वांत भरवशाचे माप आपल्या हातातच असते. दुधी काचेची चौकट त्याच पन्हाळीत सरकते, म्हणून ती बाहेर काढून व्हर्निअर कॅलिपरने तीन मापे घ्यावीत: दोन्ही कडांसह पूर्ण रुंदी, कडेच्या पट्टीची किंवा खाचेची जाडी, आणि चौकट जागेवर धरणारी खिटी अडकते ती जागा खालच्या टोकापासून किती अंतरावर आहे ते. विक्रेत्याकडे हेच तीन आकडे मागावेत. छायाचित्रावर भागवू नये. मी एकदा भागवले होते. सहा कॅसेट आल्या, दिसायला हुबेहूब. पण पट्टी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड निघाली आणि प्रत्येक कॅसेट दोन बोटे आत जाऊन रुतून बसली. अशा वेळी कानस हाती घेण्याचा मोह आवरावा, कारण घासलेल्या कडेतून पुढे प्रकाश शिरतो.

कॅसेट बसली, तरी ती मुळात काचेच्या प्लेटसाठी आहे हे विसरू नये. प्लेट साधारण दीड मिलिमीटर जाड, तर शीट फिल्म अवघी ०.२ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून फिल्म ताठ आणि योग्य पातळीवर धरणारा, तीन कडा दुमडलेला काळा पत्रा आत असावा लागतो. कॅसेट घेतानाच तो आहे ना, हे विचारावे. मग एक वाया गेलेली फिल्म पत्र्यात सरकवून, कॅसेटची जी बाजू कॅमेऱ्याला टेकते तिथपासून फिल्मपर्यंतची खोली मोजावी, आणि दुधी काचेच्या खरखरीत बाजूची खोलीही तशीच मोजून ताडून पाहावी. कॅसेटच्या तोंडाशी असलेली, प्रकाश अडवणारी मखमल झिजली असेल तर बदलावी.

९ × १२ मापात फोमापान १०० आणि इल्फर्डची एफपी४ प्लस मिळते. ४ × ५ इंची फिल्म मोठी असते. ती वापरायची तर पूर्ण अंधारात कापावी लागते. फिल्म भरताना अंधारात उभी धरावी: कडेच्या खुणेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या, की इमल्शन, म्हणजे फिल्मचा प्रकाशसंवेदी थर, आपल्याकडे आहे. कॅसेटमध्ये ते भिंगाकडे राहिले पाहिजे.

पहिल्या छायाचित्राआधी अंधाऱ्या खोलीत भात्याच्या, म्हणजे भिंग आणि मागची चौकट जोडणाऱ्या घड्यांच्या पडद्याच्या, आत टॉर्च धरून, विशेषतः कोपऱ्यांच्या घड्यांत, प्रकाशाचे ठिपके शोधावेत. जुन्या कॅमेऱ्यांची तिवईसाठीची आटी बहुधा ३/८ इंची असते, त्यामुळे आजच्या १/४ इंची स्क्रूसाठी छोटी बुशिंग लागते.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. शटर आणि अॅपर्चर (भिंगाचे छिद्र) पूर्ण उघडून दुधी काचेवर, काळे कापड डोक्यावर घेऊन, फोकस करावा. प्रतिमा उलटी दिसेल. शटर बंद करावे, अॅपर्चर लावावे, वेग ठरवावा आणि मगच शटर ताणावे. दुधी काच काढून कॅसेट सरकवावी, तिचे झाकण सरळ ओढावे, केबल रिलीज (शटर सोडणारी लवचीक तार) दाबावी आणि झाकण परत घालावे. शटर बंद न करता झाकण ओढले, की फिल्म गेलीच. हे सगळ्यांच्याच हातून एकदा तरी होते. अॅपर्चरचे आकडे ४.५, ६.३, ९, १२.५, १८, २५ असे असतील, त्यांपैकी १२.५ हा आजच्या ११ आणि १६ यांच्या मधला. भिंग १३५ मिलिमीटरचे असून जवळच्या वस्तूसाठी भाता १९० मिलिमीटरपर्यंत ताणला, तर प्रकाश दुप्पट द्यावा. २७० मिलिमीटरला चौपट.

पहिली फिल्म चाचणीसाठीच खर्ची घालावी. टेबलावर पाच-सहा पुस्तके तिरक्या रांगेत उभी करून, अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, मधल्या पुस्तकावर फोकस करावा. निगेटिव्हवर पुढचे किंवा मागचे पुस्तक अधिक रेखीव आले, तर चूक भिंगाची नसून कॅसेटच्या खोलीची असण्याचा संभव अधिक. म्हणून प्रत्येक कॅसेटवर क्रमांक टाकावा आणि हीच परीक्षा प्रत्येकीची स्वतंत्रपणे घ्यावी.