हलक्या किट कारसाठी नवं इंजिन निवडताना या चुका टाळा

गाडी ५५० किलोची, इंजिन जुनं १२० बीएचपीचं (म्हणजे अश्वशक्तीचं), आणि डोक्यात एकच आकडा घोळतोय: १८०. किट कारचं, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेल्या गाडीचं, इंजिन बदलायचा विचार बहुतेक वेळा इथून सुरू होतो, आणि पैशाचा चुराडाही इथूनच. लोटसने १९५७ मध्ये सेव्हन ही छोटी, हलकी स्पोर्ट्स कार आणली, १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. त्या धाटणीच्या गाड्यांमध्ये लोकांनी फोर्डच्या क्रॉसफ्लोपासून सुझुकी हायाबुसाच्या मोटरसायकल इंजिनापर्यंत वाटेल ते बसवून पाहिलंय. खटपट केली की बसतं सगळंच. पुढे ते निभावत नाही, आणि गाडी झाकून ठेवली जाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो: गिअरबॉक्स, सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि वायरिंग यांचं काय करायचं ते ठरल्याशिवाय इंजिनावर एक पैसाही घालू नये.

कमाल बीएचपीवर भाळणं

न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) आरपीएमने (मिनिटाच्या फेऱ्यांनी) गुणा, ७१२१ ने भागा, झाली बीएचपी. ५००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर देणारं इंजिन तिथे १४० बीएचपी देतं. दुसरं इंजिन ८००० ला १६० न्यूटन-मीटरच देत असेल, तरी त्याची बीएचपी १८० भरते. जाहिरातीत हे दुसरं इंजिन भाव खाऊन जातं. पण ३५०० आरपीएमला, जिथे रस्त्यावरचा बराच वेळ जातो, तिथे पहिलंच पुढे असण्याची शक्यता जास्त.

आता यात गिअरबॉक्स घाला. फोर्ड सिएरातला टाइप नाइन हा पाच गिअरचा बॉक्स कितीतरी किट गाड्यांमध्ये सापडतो. त्याचा पहिला गिअर ३.६५, दुसरा १.९७. पहिल्यात ७००० पर्यंत ताणून दुसरा टाकला की आरपीएम येतात ७००० × १.९७ ÷ ३.६५, म्हणजे ३७८० च्या आसपास. हौसेने टाकलेली तिखट कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) ४५०० ला जागी होणारी असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आधी घुटमळते आणि मग एकदम उसळते. मालक ट्यूनिंग करणाऱ्याच्या नावाने खडे फोडतो. तो बिचारा काय करणार, खड्डा गिअरबॉक्समध्ये आहे. हीच उडी जुन्या माझदा एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये (३.१४ वरून १.८९) ४२०० च्या आसपास येऊन थांबते. चारशे आरपीएमचा फरक वाचताना किरकोळ वाटतो. चालवताना नाही वाटत.

म्हणून विकणाऱ्याकडे डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) पूर्ण आलेख मागा. आपल्या बॉक्समध्ये प्रत्येक गिअर बदलताना आरपीएम कुठे पडतात त्या खुणा पेन्सिलने त्यावर करा. सर्वांत खालच्या खुणेपासून पुढे टॉर्कची रेघ बऱ्यापैकी सपाट जात असेल तर इंजिन कामाचं. आलेख द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

वजनाचा हिशेब अर्धाच करणं

समजा एक पर्याय १४० बीएचपीचा, अॅल्युमिनियम ब्लॉकचा. दुसरा १६० चा, बिडाच्या ब्लॉकचा आणि सगळा संच धरून ५० किलोने जड. गाडी ५५० ची, चालवणारा ८० किलोचा. चालवणाऱ्याला विसरायचं नाही, एवढ्या हलक्या गाडीत तो मोठा भाग असतो. पहिल्या पर्यायात टनामागे २२२ बीएचपी पडतात, दुसऱ्यात २३५. कागदावरची १४ टक्क्यांची आघाडी ६ टक्क्यांवर आली. शिवाय ते ५० किलो बहुतेक पुढच्या चाकांवर बसतात: स्टीअरिंग जड होतं, स्प्रिंगा बदलाव्या लागतात, आणि वळणात नाक बाहेर पळायला लागतं. ज्या चपळाईसाठी ही गाडी घेतली तीच गेली.

फोर्डच्या जुन्या पिंटो इंजिनाकडून अॅल्युमिनियमच्या ड्युराटेककडे जाणाऱ्यांना फायदा दोन्हीकडून होतो. झेटेक मजबूत आहे आणि तिचे भागही सहज मिळतात, पण ब्लॉक बिडाचा आहे हे लक्षात असू द्या. कॅटलॉगमधल्या वजनात फ्लायव्हील, क्लच, अल्टरनेटर, स्टार्टर, मॅनिफोल्ड धरलेत का ते विचारून घ्या. बरेचदा धरलेले नसतात.

उलट्या टोकाचं उदाहरणही बघा. कॅटरहॅमने २०१३ मध्ये सेव्हन १६० काढली, त्यात सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ताकद ८० बीएचपी. गाडीचं वजन ४९० किलो. एवढ्याशा इंजिनावरही मजा येते, कारण बाकी सगळं हलकं आहे.

बोनेटखाली मावलं म्हणजे बसलं, असं धरणं

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतलं आडवं इंजिन काढून उभं बसवायचं, हा या छंदातला नेहमीचा प्रकार. टेपने लांबी-रुंदी-उंची मोजली आणि जमलं म्हणून टाळी वाजवली, तर पुढे पस्तावणं आलं. गिअरबॉक्सच्या बाजूला असलेला पाण्याचा आउटलेट आता थेट फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) भिडतो. एक्झॉस्ट स्टीअरिंगच्या दांड्याच्या बाजूला आलं तर मॅनिफोल्ड नव्याने बनवावं लागतं. सम्प चेसिसच्या खाली लोंबतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर फुटतो. रिकामा, फुटका ब्लॉक मिळाला तर आधी तो आणा आणि हेड, सम्प लावून जागेवर टांगून बघा. त्यासाठी घालवलेला एक रविवार पुढचे सहा महिने वाचवतो.

इंजिन कोणत्या दिशेने फिरतं हेही बघा. होंडाची जुनी बी सिरीज इतरांच्या उलट दिशेने फिरते. ती मागच्या चाकांच्या नेहमीच्या गिअरबॉक्सला तशीच जोडली तर तुमच्याकडे रिव्हर्सचे पाच गिअर होतील आणि पुढे जायला एक. होंडाच्याच के सिरीजमध्ये ही भानगड नाही.

आणि एक छोटासा तुकडा, ज्याने मला गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवायला लावला: स्पिगॉट बेअरिंग. मागच्या चाकांच्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकात, या बेअरिंगमध्ये टेकतं. आडव्या इंजिनाच्या क्रँकला ते बेअरिंग बरेचदा नसतंच, कारण त्याच्या मूळ गिअरबॉक्सला गरज नसते. मी अॅडॉप्टर प्लेट लावली, बोल्ट आवळले, खूश झालो. थंड असताना पहिला गिअर खर्रकन पडायचा, क्लच पूर्ण दाबला तरी गाडी किंचित पुढे सरकायची. दोन आठवडे मी क्लचची हायड्रॉलिक लाइन ब्लीड करत बसलो. शाफ्टचं टोक हवेतच डुलत होतं. खराद्याकडून एक बुश करून घेतला, आवाज गेला. तोवर इनपुट शाफ्टचं बेअरिंग मात्र खराब झालं होतं.

ऑइलकडे डोळेझाक

चांगले टायर असलेली हलकी गाडी वळणात १ जीपर्यंत (गुरुत्वाकर्षणाइतक्या बाजूच्या ओढीपर्यंत) सहज जाते. १ जी म्हणजे सम्पमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका. ऑइल एका भिंतीला चढून बसतं, पिकअप पाइप कोरडा पडतो, पंप हवा ओढतो, आणि काही सेकंदांत बिग-एंड बेअरिंगची (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथल्या) वाट लागते. त्यातून जमिनीला लागू नये म्हणून सम्प कापून उथळ केलेला असेल तर ऑइल मुळातच कमी. आत पडदे आणि एका बाजूला उघडणाऱ्या झडपा असलेला सम्प ही किमान गरज. ट्रॅकवर नेहमी जाणार असाल तर ड्राय सम्पचे (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या व्यवस्थेचे) पैसे आधीच बाजूला काढा.

मोटरसायकलच्या इंजिनात हे आणखी ठळक होतं. मोटरसायकल वळताना झुकते, त्यामुळे ऑइल सम्पच्या तळाशीच राहतं. तेच इंजिन चारचाकीत झुकत नाही. हायाबुसाचं १३०० सीसीचं इंजिन साडेचारशे किलोच्या गाडीत वेड लावतं हे खरं, पण सोबत रिव्हर्स गिअर येत नाही, आणि क्लच दुप्पट वजन ओढायला केलेला नसतो. रोज बाजारहाटाला न्यायची गाडी असेल तर मी ते इंजिन घेणार नाही. ट्रॅकसाठी, जरूर.

नुसतं इंजिन उचलून आणणं

स्वस्तात मिळालं म्हणून पॅलेटवर पडलेलं इंजिन आणू नका. अलीकडच्या इंजिनाचं मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) चावी, इमोबिलायझर, इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर पेडल यांच्याशी बोलतं. त्यातलं एक नसेल तर सुरूच होत नाही. वायरिंग हार्नेस कापून काढलेला असेल तर तो जोडण्यापेक्षा वेगळं ईसीयू आणि नवा हार्नेस स्वस्त पडतो, पण मग मॅपिंगचा (ईसीयूत इंधन आणि ठिणगीचे आकडे भरण्याचा) खर्च वेगळा. शक्य असेल तर अख्खी चालू गाडी घ्या, इंजिन चालताना ऐका, गरम झाल्यावर कॉम्प्रेशन तपासा, मगच उतरवा.

कार्ब्युरेटरवरून इंजेक्शनवर जाताना पंपही बदलतो: कार्ब्युरेटरला ०.३ बारच्या आतबाहेर दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतो.

रोव्हर के सिरीज घेणाऱ्यांसाठी खास. इंजिन देखणं आणि हलकं आहे, पण हेडपासून खालपर्यंत जाणाऱ्या लांब बोल्टांवर ते एकत्र बांधलेलं असतं, कूलंट थोडं, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) वेट, म्हणजे थेट कूलंटमध्ये बसलेले. हेड गॅस्केट जाण्याची त्याची ख्याती उगाच नाही. गॅस्केट बदलताना लायनरची उंची मोजल्याशिवाय हेड परत चढवू नका.

ब्रेक, डिफरन्शियल आणि हाफशाफ्ट यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. ताकद वाढली की सगळ्यात कच्चा दुवा तुटतो. नोंदणी आणि प्रदूषणाचे नियम मात्र इंजिन विकत घेण्याआधी वाचा.

बसवल्यावर त्रास सुरू झाला तर

गर्दीत तापतं, वेगात ठीक असतं: पंखा किंवा त्याचा स्विच. वेगातच तापतं: रेडिएटरमधून हवा जात नाहीये, बाजूने निसटतेय, कडेच्या फटी पत्र्याने बंद करा. तापमान अचानक वर-खाली होतं आणि हीटर थंड: आत हवा अडकलीय. या गाड्यांमध्ये रेडिएटर हेडपेक्षा खाली असतो, त्यामुळे कूलंटची टाकी सगळ्यात उंच जागी हवी.

लांब वळणात ऑइलचा दिवा लुकलुकतो: तिथेच पाय काढा, घरी या, सम्प उघडा. सेन्सर बदलून बघू, हा विचार महागात पडतो. लांब वळणात इंजिन अडखळतं आणि टाकी अर्ध्याखाली असते: इंधन बाजूला सरकतंय, स्विर्ल पॉट (इंजेक्शनच्या पंपाआधी इंधन साठवणारी छोटी टाकी) लावा.

ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि क्लच दाबला तरी थांबत नाही: बहुतेक प्रॉपशाफ्टचे कोन. इंजिन किती कललंय आणि डिफरन्शियल किती, ते मोजा. दोन्ही कोन सारखे हवेत. चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी लावल्यावर आयडल सतत वर-खाली होत असेल, तर ईसीयूला मॅनिफोल्डच्या दाबाचा स्थिर संकेत मिळत नाहीये. मॅपिंग थ्रॉटल किती उघडलाय त्यावर करून घ्या.

आणि पहिल्यांदा स्टार्टर मारण्याआधी स्पार्क प्लग काढा, इंधनाचा पंप बंद ठेवा आणि ऑइल प्रेशर गेजवर काटा उठेपर्यंत इंजिन नुसतं फिरवा. काटा उठला नाही तर प्लग परत लावायचे नाहीत.