पोस्टकार्डं जमवायची, बदलायची तर आधी पाठ बघा

कोल्हापुरात जुनी कार्डं निघतात ती रद्दीच्या दुकानांत, वाडा उतरवताना सापडलेल्या ट्रंकांत आणि व्यापारी पेढ्यांच्या पत्रव्यवहारात. पेढ्यांवर पत्रं तारेत टोचून ठेवत, त्यामुळे या कार्डांना मधोमध भोक असतं. तेवढ्यावरून कार्ड टाकू नका, शिक्का आणि मजकूर शाबूत असेल तर घ्या. कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकूही पुसायचं नाही. ती शुभवार्तेची खूण आहे. मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचून फाडून टाकायची रीत होती, म्हणून तशी कार्डं क्वचितच हाती लागतात.

विषय एकच धरा: रंकाळा, पन्हाळा, कुस्ती, नाहीतर टपाल खात्याची 2002 पासूनची 25 पैशांची मेघदूत कार्डं, ज्यांच्या पत्त्याच्या बाजूला जाहिरात असते. ‘जे मिळेल ते’ घेणाऱ्याकडे वर्षभरात फक्त ढीग होतो. ऑनलाइन शोधताना कोल्हापूरचं रोमन स्पेलिंग शेवटी ‘यूआर’ आणि ‘ओआरई’ अशा दोन्ही तऱ्हांनी घालून बघा. इंग्रज अमदानीतल्या कार्डांवर दुसरं बरेचदा असतं.

कार्ड हातात आलं की उलटं करा. वय पाठीवर कळतं. ब्रिटनने 1902 मध्ये पाठीचे दोन भाग करायला परवानगी दिली, त्याआधी पूर्ण पाठ पत्त्यासाठीच असे आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. इतर देशांत हा बदल पुढच्या काही वर्षांत झाला, अमेरिकेत 1907 मध्ये. तिकिटावर सातवा एडवर्ड असेल तर 1902 नंतरचं, पाचवा जॉर्ज असेल तर 1911 नंतरचं, सहावा जॉर्ज असेल तर 1937 नंतरचं. आणे जाऊन पैसे आले 1 एप्रिल 1957 ला, आणि ‘नये पैसे’ 1964 पर्यंतच. पिनकोडाचे सहा चौकोन छापलेले असतील तर कार्ड 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. चित्रही बोलतं: रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेस दिसत असेल, तर विक्रेता काहीही सांगो, फोटो 1930 च्या दशकाआधीचा नाही. कोल्हापूर संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटं नव्हती, त्यामुळे ‘संस्थानी तिकिटाचं दुर्मीळ कार्ड’ म्हणून जे दाखवतात त्यावर बहुधा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेला असतो.

नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरतं. खऱ्या फोटोकार्डात, म्हणजे फोटोच्या कागदावरच काढलेल्या कार्डात, छटा सलग दिसतात, छापील कार्डात ठिपके. ‘अस्सल जुना फोटो’ म्हणून दिलेल्या कार्डात ठिपके दिसले की विषय संपला. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते साधारण 1950 नंतरच्या कागदांत येतं.

खरी कसोटी पावसाळ्यात. चिकट पानांचा फोटो अल्बम, लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल हे चारही वर्ज्य. पीव्हीसीचे कव्हरही नको, त्यातून सुटणारी रसायनं कार्डाला चिकट करतात. पॉलीप्रोपिलीनचे घ्या, आणि दोन मापांचे: जुनी कार्डं साधारण 9 × 14 सेंमी, आजची बहुतेक 10.5 × 14.8. खऱ्या फोटोकार्डावर जिलेटिनचा थर असतो. तो दमट हवेत फुगतो आणि गुळगुळीत प्लॅस्टिकला चिकटतो, म्हणून चित्रावर साध्या कागदाची चिठ्ठी घालून मगच कव्हरात सरकवा. चिकटलंच तर ओढू नका, थर उचकटून येतो. कार्डं डब्यात उभी ठेवा आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आत निळ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, दाणे गुलाबी झाले की बदला. डांबरगोळी नको. तिचा वास कागद सोडत नाही आणि अदलाबदलीत असं कार्ड कोणी घेत नाही. कसर लागली आहे का ते दर महिन्याला बघा. नोंद करायची तर पाठीवर मऊ पेन्सिलीनेच, न दाबता.

अदलाबदलीत दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, तेही तिरप्या उजेडात, म्हणजे घड्या लपत नाहीत. मोडलेला कोपरा, तांबूस ठिपके, भोक, खरडून काढलेलं तिकीट हे न विचारता सांगा. तिकीट कधीच सोडवू नका, त्यासोबत शिक्काही जातो आणि कार्डाचा निम्मा अर्थ संपतो. जुन्याला जुनं, नव्याला नवं असा सौदा ठेवा. पाठवताना कार्ड कव्हरात घालून, त्याहून थोड्या मोठ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे मौल्यवान कार्ड स्पीड पोस्टनेच.

नवी कार्डं परदेशातून हवी असतील तर पोस्टक्रॉसिंग, 2005 मध्ये पोर्तुगालमधून सुरू झालेली, अनोळखी लोकांना कार्डं पाठवून त्यांच्याकडून मिळवायची ऑनलाइन योजना. सुरुवातीला एका वेळी पाचच पत्ते मिळतात. तुमचं कार्ड पोचून नोंदलं गेलं की तुमचा पत्ता दुसऱ्या कुणाला जातो. पत्त्यासोबत मिळणारा, ‘आयएन’ने सुरू होणारा कार्डाचा क्रमांक कार्डावर दोनदा लिहा, कारण शिक्क्याखाली एक गेला तर दुसरा वाचता येतो, आणि क्रमांकाशिवाय पोचलेलं कार्ड नोंदवणं अवघड जातं. देशाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शेवटच्या ओळीत. तळाची दीड-दोन सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा, काही देशांत तिथे बारकोड छापतात. जेल पेन टाळा, पावसात शाई पसरते. बॉलपेन बरं. तिकिटाला गोंदाची कांडी वापरा, ओला गोंद तिकिटाबाहेर ओघळतो आणि कार्ड दुसऱ्याला चिकटतं. हवाई टपालाचा दर खिडकीवर विचारूनच तिकिटं लावा. 60 दिवसांत कार्ड नोंदलं गेलं नाही तर त्याची जागा मोकळी होते आणि नवा पत्ता मागता येतो. उशिरा पोचलेलंही वर्षभरापर्यंत नोंदवता येतं, तेव्हा लगेच हरवलं असं धरू नका.