जुन्या पुस्तकांवरील तपकिरी डाग: या चुका टाळा

जुन्या पुस्तकाच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले की ते घालवण्याची घाई होते, आणि पुष्कळदा पुस्तकाचे खरे नुकसान त्या घाईतच होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ठिपके आणि पिवळेपणा यांना एकच विकार समजणे. पानभर विखुरलेले तांबूस ठिपके, ज्यांना ‘फॉक्सिंग’ म्हणतात, ते बुरशीमुळे किंवा कागदात राहून गेलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म कणांमुळे पडतात. दोन्ही कारणांना दमटपणाची जोड लागते, म्हणून चिंध्यांपासून केलेल्या उत्तम कागदावरही ते आढळतात. याउलट, पान कडांकडून आत पिवळे पडत जाऊन दुमडताच तुटत असेल, तर दोष कागदाच्या घडणीतच असतो. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद सर्वत्र रूढ झाला. त्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे एकत्र बांधून ठेवणारा घटक, उजेडाने आणि हवेने काळवंडतो, तर शाई पसरू नये म्हणून कागदाला दिलेल्या तुरटी व राळ यांच्या खळीतून निर्माण होणारे आम्ल सेल्युलोजचे, म्हणजे ज्यांचा कागद बनतो ते, धागे तोडत राहते. अशा कागदातील आम्ल शेजारच्या पानातही उतरते; म्हणून पानावर चौकोनी तपकिरी छाप असेल, तर तिथे पूर्वी वर्तमानपत्राचे कात्रण ठेवलेले होते का, हे आधी आठवून पाहावे.

ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घरी वापरू नये. डाग फिका झाल्याचे समाधान मिळते खरे, परंतु लोखंडाच्या कणांच्या सान्निध्यात पेरॉक्साइडची क्रिया अधिक तीव्र होते आणि नेमका डागाखालचा कागद कमकुवत होतो. ओल्या बोळ्याने पुसल्यास डागाभोवती पाण्याची नवी कडा उमटते.

दमट पुस्तक कडक उन्हात ठेवणेही चूकच आहे. ते सावलीत, खेळत्या हवेत सुकवावे. पूर्ण सुकण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यास ओल आतच कोंडते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो, म्हणून ती 50 टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर सरकवावे.

ठिपक्यावर कापसासारखा किंवा भुकटीसारखा थर दिसला, तर पुस्तक तत्काळ वेगळे ठेवावे आणि मास्कशिवाय हाताळू नये. ठिपका कोरडा, सपाट आणि जुना असेल, तर मात्र तो तसाच राहू द्यावा; पुस्तक दुर्मीळ असल्यास पुढचा निर्णय कागद-जतनाच्या तज्ज्ञाकडे सोपवावा.