दोन जावा, वेगळ्या चुली

दिग्रसजवळच्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मागच्या 31 मार्चला ग्रामसेवकभाऊ डिजिटल सहीचा डोंगल घेऊन आले अन् सहीचं जुनं सॉफ्टवेअर उघडेचना. चूक माझीच. काही सॉफ्टवेअरं जावा नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात, तिच्या आवृत्त्या आकड्यांनी ओळखतात. पुतण्याच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी जावा 17 टाकली होती आणि जागा व्हावी म्हणून 8 काढून टाकली होती. एक्सएमएल (माहिती लिहायची एक पद्धत) वाचायला लागणारी जॅक्स-बी नावाची जोडणी 2018 च्या जावा 11 पासून सोबत येत नाही, अन् हे सॉफ्टवेअर तिच्याच भरवशावर. भाऊ दीड तास कूलरसमोर बसून होते, चहा माझ्याकडून.

तेव्हापासून दोन्ही जावा एका घरात, पण चुली वेगळ्या.

डी ड्राइव्हवर 'जावा' नावाचा फोल्डर केला. प्रोग्राम फाइल्समध्ये नको, त्या नावात मोकळी जागा आहे आणि जुनी सॉफ्टवेअरं तिथे अडखळतात. टेमुरिन म्हणजे फुकट मिळणारी जावा, तिच्या जेडीकेची (जावाच्या पूर्ण संचाची) झिप उतरवायची, इन्स्टॉलर नाही. प्रत्येक आवृत्तीला पूर्ण आकड्यांचा फोल्डर: 'जेडीके-8यू402', 'जेडीके-17.0.10'. नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. 'नवीन जावा' असं नाव कधीच देऊ नका. सहा महिन्यांनी ती नवीन राहत नाही. झिपाही एका फोल्डरात ठेवा. आमच्याकडे लाइन गेली की नेट जातं, तेच 100-200 एमबी पुन्हा कोण उतरवणार?

आता खरी गंमत. त्याच फोल्डरात 'चालू' नावाचा दुवा करायचा. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) एमकेलिंक, स्लॅश जे, दुव्याचं नाव, मग खऱ्या फोल्डरचा पत्ता. याला अ‍ॅडमिन लागत नाही, फक्त ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. मग विंडोजच्या सेटिंगमधली 'जावा होम' (जावा कुठे आहे ते सांगणारी नोंद) या 'चालू'वर लावा आणि त्यातला 'बिन' फोल्डर सिस्टमच्या पाथमध्ये (प्रोग्राम कुठे शोधायचा त्या यादीत) सगळ्यात वर. युजरच्या पाथमध्ये टाकून उपयोग नाही, सिस्टमचा पाथ आधी वाचला जातो. मग नवी खिडकी उघडून 'व्हेअर जावा' टाका. जी ओळ पहिली, तीच जावा चालते. मी आधी 'बिन' पाथच्या तळाशी टाकला होता, तेव्हा तीन ओळी आल्या, अन् पहिली ओरॅकल कंपनीच्या जुन्या 'जावापाथ'ची! ती नोंद पाथमधून काढली तेव्हा कुठे जमलं.

आवृत्ती बदलायची तर 'चालू' काढून दुसरीकडे लावा, बाकी कशाला हात नको. काढताना नुसतं 'आरएमडीआयआर' वापरा, त्याने दुवाच जातो. 'डेल' वापराल तर आतल्या फायली पुसल्या जातील.

मात्र ज्याला ठरावीकच जावा लागते, त्याला 'चालू'च्या भरवशावर सोडू नका. सहीच्या सॉफ्टवेअरसाठी मी एका ओळीची बॅच फाइल केली आणि तिच्यात 8 च्या 'जावा.ईएक्सई'चा पूर्ण पत्ता लिहिला. पुतण्या आता 'चालू' खुशाल 21 वर नेऊ दे, भाऊंची सही अडत नाही.

एखादी आवृत्ती नकोशी झाली तरी लगेच उडवू नका. फोल्डरच्या नावापुढे 'बंद' लावा आणि महिनाभर कोणी ओरडतं का ते पाहा. 8 ला मात्र मी मार्च उलटल्याशिवाय तेवढाही हात लावत नाही.