रात्री-अपरात्री मानसिक त्रास वाढला तर काय करायचं, कुठे जायचं

सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी दुपारपर्यंत उरकते, खासगी डॉक्टर संध्याकाळी दोन-तीन तास बसतात, आणि माणूस बिथरतो तो नेमका रात्री जेवणं झाल्यावर, नाहीतर रविवारी, नाहीतर ऐन दिवाळीत. मग घरात कोणीतरी म्हणतंच, सकाळ होऊ दे मग बघू. कधीकधी सकाळपर्यंत थांबलेलं चालतं आणि कधी अजिबात चालत नाही, आणि हे ओळखणंच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून आधी तेच सांगते.

आधी ठरवा, फोनवर भागेल की कॅज्युअल्टी (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) गाठायची

टीव्ही बंद करा, शेजारी बसा आणि सरळ विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतोय का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं काही भरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलायला लागतो. उत्तर हो आलं आणि कसं, कधी हेही त्याच्या मनात पक्कं असेल तर सकाळची वाट बघू नका. आधीच काही घेतलं असेल किंवा स्वतःला इजा केली असेल तर निघाच, तो आत्ता ठीक दिसत असला तरी निघा, कारण काही गोष्टींचा परिणाम उशिरा दिसतो. जे घेतलं त्याची बाटली किंवा पाकीट सोबत घ्या आणि मिठाचं पाणी वगैरे पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. कानात येणारे आवाज त्याला काही करायला सांगत असतील, किंवा तो कोणाच्या अंगावर धावून जात असेल, तरीही कॅज्युअल्टीच गाठा.

अजून दोन गोष्टी ज्या लोक हमखास चुकीच्या समजतात. रोज पिणारा माणूस अचानक दारू बंद करतो आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात, घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय. ही दारू तुटल्याची इमर्जन्सी आहे, यात फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आणि म्हातारं माणूस जे दुपारपर्यंत नीट होतं ते रात्री असंबद्ध बडबडायला लागलं, घरातल्यांना ओळखेना, तर त्याला वेड लागलं म्हणून सोडून देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम किंवा साखर कमी होणं असं काहीही असू शकतं, म्हणजे तिथे आधी फिजिशियन लागतो. पहिल्यांदाच छातीत धडधड आणि श्वास अडकल्यासारखं झालं तर पॅनिक अटॅक असेल असं घरी बसून ठरवू नका, ईसीजी काढून घ्या.

फोनवर भागण्यासारखं असेल तर

झोप नाही, रडू आवरत नाही, घाबरायला होतंय, गोळ्या संपल्यात, किंवा पेशंटशी कसं वागावं हेच कळत नाहीये, अशा वेळी १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलतात, आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. पेशंट बोलायला तयार नसेल तर तुम्ही घरच्यांनी फोन केला तरी चालतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. संस्थांच्या हेल्पलाइन्सही चांगल्या आहेत पण बऱ्याच रात्री बंद असतात, त्यामुळे त्यांच्या वेळा दिवसाच बघून ठेवा. लहान मुलांसाठी १०९८ चोवीस तास आहे.

कॅज्युअल्टीला जायचं असेल तर

अँब्युलन्ससाठी १०८, आणि माणूस हिंसक झाला असेल किंवा घर सोडून गेला असेल तर ११२. शक्य असेल तर मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, कारण तिथे रात्री ओपीडी बंद असली तरी कॅज्युअल्टीतून मानसोपचार विभागाच्या ऑन-कॉल डॉक्टरला बोलावता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी, पण विष किंवा जखम असेल तर आधी जनरल हॉस्पिटल, मनोरुग्णालय नंतर.

तिथे केसपेपर काढताना "टेन्शनमध्ये आहे" एवढंच सांगितलं तर तुम्हाला बाकावर बसवून ठेवतील. असं सांगा: "तीन रात्री झोपला नाही, जेवण बंद आहे, आज संध्याकाळी मरायचं बोलला, बायपोलरच्या गोळ्या दहा दिवसांपूर्वी स्वतःच बंद केल्या." जुनी चिठ्ठी नसेल तर गोळ्यांची रिकामी स्ट्रिप दाखवा, तेवढ्यावरून डॉक्टरला खूप कळतं.

पोलिस केस होईल या भीतीने लोक घरातच थांबतात आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो प्रचंड तणावात होता असंच धरायचं, आणि जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा धरणारं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही. हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंदवेल, पोलिस येऊन जबाब घेतील, घेऊ दे. पण उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. "इथे सायकियाट्रिस्ट नाही" म्हणून कोणी परत पाठवायला लागलं तर शांतपणे सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जिवाला धोका असेल तेव्हा कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, निदान तेवढं करून मग रेफर करा.

मदत येईपर्यंत

त्याला एकटं सोडू नका, बाथरूमला गेला तरी आतून कडी नको. औषधांचा डबा, सुऱ्या, शेतावरची फवारणीची औषधं घराबाहेर, शेजाऱ्यांकडे ठेवा, नुसतं कपाटात लपवून उपयोग नाही. आजीची झोपेची गोळी अर्धी देऊ या, असं कोणी म्हणालं तर देऊ नका. चुकलेला डोस डबल करून देऊ नका. आणि "तुला काय कमी आहे" हे त्या रात्री बोलू नका, जे बोलायचंय ते त्याला बोलू द्या.

दिवसा करून ठेवायची कामं

घरात पेशंट असेल तर डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटलाच विचारा की रात्री काही झालं तर कोणाला फोन करू आणि कुठल्या हॉस्पिटलात जाऊ. शेवटच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये हवा. गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या की नवीन आणा, सणाच्या आधी तर नक्कीच. रात्री गाडी कोण काढेल तेही ठरवून ठेवा, शेजारी असो की भाचा, त्याला आधीच विचारलेलं असलं की रात्री दोनला बेल वाजवायला संकोच वाटत नाही.

कॅज्युअल्टीतून घरी सोडलं तरी दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन ओपीडीला जा, रात्रीची ट्रीटमेंट तात्पुरती असते. पेशंट म्हणेल आता बरं वाटतंय, नको जायला. तरी न्या, आणि त्याला ज्याचं ऐकावंसं वाटतं असं एक माणूस बरोबर घ्या.